पिठाच्या डब्यावरची यादी

आश्विन शुद्ध षष्ठी. ठिकाण बावडा. आज तुझा तेरावा.

हजर : दाजी. तुझा मुलगा नितीन आणि सून पूनम. शेळगावहून आपला दादा आणि वहिनी. दाजींची बहीण, जिला तू जन्मभर 'वन्सं' म्हणालीस. शेजारच्या कौसाबाई, त्यांच्या मागोमाग गल्लीतल्या बायका. बारामतीहून मी.

आक्का, मी हे लिहिताना तू बघितलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. "तेराव्याला बी हजेरी घेतीस व्हय गं कल्पे?" घेते. डाळिंबाच्या पॅकिंग शेडवर वीस वर्षं मी हेच करते. कोण आलं, कोण आलं नाही, किती क्रेट भरले, कुठल्या गाडीत चढले. लिहिलं की मला बरं वाटतं. लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं. या शेवटच्या वाक्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे.

आलेले सगळे दाजींना एकच सांगत होते. अहेव गेली, तीही अविधवा नवमीला गेली, भाग्याची बाई. दाजी मान हलवत होते. मला त्या भाग्याचा संताप येत होता. तू नवमीला दवाखान्यात शेवटचा श्वास घेतलास, कारण पंचमीला, तुझ्या सासऱ्यांच्या तिथीला, तू सकाळी आठ वाजता साखरेच्या आजाराची गोळी घेतलीस आणि दुपारपर्यंत तोंडात घास घातला नाहीस. आणि आठ वाजता गोळी घ्यायची हे मी लिहून दिलं होतं. मोठ्या अक्षरात, लाल रेघ मारून.

ही गोष्ट बावड्यात कुणालाच माहीत नाही. म्हणजे यादी माझी हे सगळ्यांना माहीत आहे. त्या यादीत काय नव्हतं, ते फक्त मला माहीत आहे. आणि तुला होतं.

उन्हाळ्यात तुझ्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा तुझी साखर सापडली. मी दोन दिवस रजा टाकली, तुला इंदापूरला घेऊन गेले. म्हातारे, शांत डॉक्टर. घाई नाही. तुझ्याकडे बघून बोलत होते, माझ्याकडे नाही. मला ते जरा लागलंच होतं, कारण वही आणि पेन माझ्या हातात होतं.

"बाई, ही गोळी साखर खाली आणते," ते म्हणाले. "खाली आणायला आधी पोटात काहीतरी पाहिजे. गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचं. उपास असेल, जेवण लांबणार असेल, तर मला आधी विचारायचं. आणि कधी हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर काही विचार न करता साखर नाहीतर गूळ तोंडात टाकायचा."

तुझे डोळे चमकले. "गूळ चालंल म्हणता? मग डाक्टर, मला तर गूळ बघितला की थरथर सुटतीया."

डॉक्टर हसले. गोळ्या देणारी मुलगी हसली. मीही हसले. तुझं बोलणं खरंच होतं. शेळगावला आपल्या मळ्याला लागून गुऱ्हाळ होतं. हंगामात तू शाळेतून आलीस की दप्तर टाकून तिकडे पळायचीस आणि उसाच्या चिपाडावर गरम गूळ घेऊन यायचीस. पहिलं चाटणं माझं. मग दादाचं. उरलेलं चिपाड तू दातांनी खरवडून पांढरं करायचीस. तुझ्या गुळाच्या वेडाच्या गोष्टी सांगताना आपण सगळे विसरतो, की त्या चिपाडावरचा सगळ्यात कमी गूळ तुझ्या वाट्याला यायचा.

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात यादी जुळवली. बारामतीला आल्यावर संगणकावर टाइप केली, छापली, प्लॅस्टिकमध्ये घालून आणली आणि नितीननं ती तुझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवली. सकाळी आठ, गोळी. रात्री आठ, गोळी. साखर बंद. गूळ बंद. काकवी बंद. भात एक मूद. रोज अर्धा तास चालणे. पाय रोज धुऊन बघणे. खाली लाल रेघेवर : गोळी एकही दिवस चुकवायची नाही.

थरथरीचं वाक्य मी घातलं नाही. विसरले नाही, आक्का. वहीत ते होतं, माझ्याच अक्षरात. मी ते मुद्दाम गाळलं. म्हटलं, हे लिहिलं तर हिला रोज अकरा वाजता थरथर सुटेल आणि गुळाची ढेप महिन्यात संपेल. मला वाटलं, मी तुला ओळखते. डॉक्टरांनी तुला एकदाच बघितलंय, मी पन्नास वर्षं बघतेय. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं काय तुझ्या कामाचं आणि काय नाही, हे मी ठरवलं.

अर्ध्या तासात खायचं हेही घातलं नाही. त्यात तर लबाडीही नव्हती. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. सकाळी आठनंतर माणूस नाश्ता करतोच, असं बारामतीत माझ्या घरी आहे.

पण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. आपण यावरून किती वेळा भांडलो! गेल्या दिवाळीत तुझ्या स्वयंपाकघरात भांडलो. दीड वाजला होता. नितीन, दाजी, भेंडी तोडायला आलेल्या बायका, सगळ्यांची जेवणं झाली होती आणि तू तव्यावरची शेवटची भाकरी उलटत होतीस.

"तू आधी का खात नाहीस गं?" मी म्हणाले. "शेडवर एक वाजता घंटा होते. साठ बायका एकदम डबा उघडतात. एकीलाही मी मागं राहू देत नाही."

"तुझ्या शेडवर सासू न्हाय," तू म्हणालीस.

"तुझ्या तरी कुठं आहे आता? जाऊन दहा वर्षं झाली."

"ती गेली. तिची सवय हितंच राहिली." आणि माझ्यापुढे ताट सरकवलंस. "गिळ तू आधी. वरडून वरडून दमलीस."

मी जेवले. तू शेवटी जेवलीस. भांडण तिथंच राहिलं. सहा महिन्यांनी मी तुझी यादी केली, तेव्हा हे सगळं मला माहीत होतं.

आणखी एक सांगते, कारण सांगायचं ठरवलंच आहे तर पुरतं सांगावं. तुझी स्वतःची अक्कल माझ्यापेक्षा बरी होती. पहिल्याच आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "आगं, आठला माझ्या पोटात चहाबिगर कायच नसतंय. भाकरी खाताना घेते की गोळी."

मी तुला झापलं. "भाकरी तू कधी खाणार, बाराला? आठ म्हणजे आठ. औषधाला वेळ असते आक्का, ते काय हळदीकुंकू आहे?" पुढच्या रविवारी आले आणि तुझ्या मोबाईलवर गजर लावून गेले. सकाळी आठ, रात्री आठ. तू पूनमला म्हणालीस, "बघ, आता ही बया बारामतीत बसून मला उठबस करायला लावणार." पण तू ऐकलंस. गजर वाजला की हातातलं काम टाकून गोळी घेतलीस. एक दिवस चुकवली नाहीस. माझं असं तंतोतंत शेडवरही कुणी ऐकत नाही.

श्रावणात तुझा फोन आला. मी गाडी भरून घेत होते, आजूबाजूला कलकलाट. तू म्हणालीस, "अलीकडं अकराच्या सुमाराला हातपाय गळत्यात गं. घाम सुटतोय, छाती धडधडतीया. जेवलं की थांबतंय."

जेवलं की थांबतंय. तू मला उत्तरासकट सांगितलंस.

मी म्हणाले, "अशक्तपणा असेल. वय झालं आता. गोळी चुकवू नकोस हं." आणि डायरीत लिहिलं : 'आक्का, अशक्तपणा, डॉक्टरांना विचारणे.' पुढे चौकोन काढला. तो चौकोन त्या आठवड्यात भरला नाही म्हणून पुढच्या आठवड्याच्या पानावर उतरवला. तिथून त्याच्या पुढच्या. चार पानांवर तो आहे, नीट अक्षरात. डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दोन मिनिटांचं काम. पण लिहिलेलं होतं ना. लिहिलेलं काम मला टोचत नाही. न लिहिलेलं टोचतं.

पंचमीला काय झालं ते मला पूनमनं सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर बसून, तुकड्या-तुकड्यांनी.

आठला गजर झाला, तू गोळी घेतलीस. तिथीचा स्वयंपाक, म्हणून पान ठेवल्याशिवाय तोंड उष्टं करायचं नव्हतं. चहासुद्धा घेतला नाहीस. खिरीसाठी गूळ चिरायला बसलीस. परातभर गूळ तू तुझ्या हातांनी चिरलास, आक्का. एक चूर जिभेवर ठेवला नाहीस. जेवायला सांगितलेली भावकीतली माणसं बाराला यायची, ती दीडला आली. कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीचं काम निघालं होतं.

साडेबाराच्या सुमाराला वडे तळताना तू म्हणालीस, "पूनम, गुळाचा खडा दे गं जरा. हात बघ कसं करत्यात."

पूनम म्हणाली, "आत्या, अजून पान ठेवायचंय. आणि गूळ तर तुम्हाला बंदच आहे की. मावशी मला फाडून खातील."

तू हसलीस म्हणे. भिंतीकडे बघून म्हणालीस, "व्हय गं बाई. बघतीया ती भिंतीवरनं."

मग झारा पूनमच्या हातात दिलास आणि पिठाच्या डब्याला टेकून बसलीस. साडी घामानं भिजली होती. चुलीपुढं होतीस म्हणून असेल, असं पूनमला वाटलं. थोड्या वेळानं तू तिला म्हणालीस, "कल्पे, जेवलीस का गं तू?" तिला वाटलं चुकून म्हणालीस. तुझे डोळे मिटत होते. वन्सं म्हणाल्या, "पहाटंपासनं उभी हाय, पडू द्या जरा." त्यांनीच उशाला लुगडं दिलं. पंगत बसली. पूनम वाढत राहिली. पाऊण तासानं तुला जेवायला उठवायला आली, तर तू उठेनास.

तुझ्या डोक्याच्या बरोबर वर, भिंतीवर माझी यादी होती.

इंदापूरला पोहोचेपर्यंत फार वेळ गेला होता. तिथून बारामतीला आणलं. तुझ्या आयुष्यातला माझ्याकडचा सगळ्यात मोठा मुक्काम तो, चार दिवसांचा. तू एकदाही डोळे उघडले नाहीस. दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. नितीनला आणि मला बाहेर बोलावून त्यांनी समजावलं. साखर वाढली तर ती शरीराला वर्षानुवर्षं पोखरते, पण आपल्याला वेळ देते. साखर उतरली तर वेळच देत नाही. मेंदू साखरेवर चालतो, ती मिळाली नाही की तो विझायला लागतो. घाम, थरथर, धडधड, नंतर बरळणं, नंतर झोप. ती झोप नसते. बाहेरून बघणाऱ्याला झोप वाटते, तिथंच घात होतो. बोलता-गिळता येतंय तोवर चमचाभर साखर, गुळाचा खडा, साखरेचं पाणी, काहीही चालतं. शुद्ध गेली की तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

"गोळी चुकीची नव्हती," त्या म्हणाल्या. "गोळी घेऊन उपाशी राहणं चुकलं. थरथर झाली तर लगेच गोड द्यायचं, हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं का?"

नितीन म्हणाला, "नाही हो मॅडम. आम्हाला कुणीच सांगितलं नाही."

मी तिथं उभी होते, आक्का. तुझी फाईल छातीशी धरून. त्या फाईलमध्ये माझी वही होती आणि वहीत ते वाक्य होतं. मी म्हणाले, "पुढच्या तपासण्या कधी?"

नितीन आता इंदापूरच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांवर चिडून आहे. "एवढं साधं सांगता आलं नाही त्यांना?" दाजींना दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा मी तिथं होते.

तुझी राख सावडली त्या दिवशी मी एक काम मात्र केलं. तुझी यादी बघून गल्लीतल्या साखर असलेल्या बायकांनी तशाच मागितल्या होत्या, तेव्हा मी मोठ्या हौसेनं आणखी सहा छापून आणल्या होत्या. तूच वाटल्या होत्यास. "आमच्या कल्पीनं केलीया, बारामतीला सायबीण हाय ती." घटस्थापना तोंडावर आली होती. नऊ दिवसांचे उपास, आणि भिंतीवर माझी लाल रेघ, गोळी एकही दिवस चुकवायची नाही. मी सहा घरं फिरले.

कौसाबाई कागद देईनात. "आगं, चांगला हाय की. पोरानं देवघराशेजारी चिटकवलाय."

"डॉक्टरांनी नवीन सांगितलंय मावशी. उपासाला गोळी किती घ्यायची, घ्यायची का नाही, ते आधी त्यांना विचारायचं. आपल्या मनानं बंदही करायची नाही आणि उपाशीपोटी घ्यायचीही नाही. आणि थरथरायला लागलं तर गूळ खायचा."

"उपासाला?"

"गूळ उपासाला चालतो मावशी."

"व्हय की गं." मग हळूच म्हणाल्या, "आक्काला बी चालला असता मग."

मी कागद काढून घेतला आणि पुढच्या घरी गेले. डॉक्टरांनी नवीन सांगितलंय. सहाही घरी मी हेच वाक्य वापरलं. नवीन काहीच नव्हतं. उन्हाळ्यात सांगितलेलंच होतं. त्याच दुपारी चौघींना रिक्षात घालून इंदापूरला त्याच डॉक्टरांकडे नेलं. उरलेल्या दोघी दुसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्यांना मी आठवत होते. "तुमच्या बहिणीचं ऐकलं," ते म्हणाले, आणि पहिल्या बाईला समोर बसवलं. त्यांनी विचारलं असतं तर मी तिथं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

तुझ्या भिंतीवरचा सातवा कागद मी त्या दिवशी काढला नाही. घरात सुतक, माणसं, स्वयंपाकघरात जायला धजले नाही.

आता आजचं.

सकाळी आठला तुझा मोबाईल वाजला. कोनाड्यात होता. दाजी हातात घेऊन उभे राहिले. "रोज वाजतंय गं हे. बंद करायला येत न्हाय मला. अन् पोराला सांगावं वाटंना." मी गजर काढून टाकला. दोन्ही वेळांचा. दाजी फोनकडे बघत राहिले, जसं काही मी घरातलं आणखी एक माणूस बाहेर घालवलं.

दुपारी बायका परसात लसूण सोलत बसल्या होत्या. पूनम पाणी द्यायला आली. वन्सं तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "गोळ्या बऱ्या हातानं देत हुतीस. पोटात काय हाय ते बघायला डोळं नव्हतं व्हय? आमी सासूच्या तोंडाकडं बघून वळखायचो, भूक हाय का न्हाय."

कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या वन्सं, ल्हान हाय."

"ल्हान कसली? खडा मागितला तवा दिला न्हाय हिनं. माझ्या कानानं ऐकलंय."

पूनमनं सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं. तिला एक वाक्य बोलता आलं असतं : मावशींनी लिहून दिलं होतं. ती बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणजे मला सांभाळून घेतेय असंही नव्हतं. तिला खरंच वाटतं की चूक तिची आहे. मी लसणाची कुडी फोडली. पाकळ्या मोजून वाटीत टाकल्या. अकरा होत्या.

शेडवर एखाद्या मुलीवर खोटा आळ आला तर मी सगळ्यांसमोर उभी राहते, आक्का. गेल्या वर्षी मालकासमोर राहिले होते. तुझ्या परसात मी बसून राहिले.

पंगती उठल्या, माणसं पांगली. मी आत गेले. पूनम एकटीच होती, भांडी आवरत. ती अजून जेवली नव्हती. पावणेचार वाजले होते. मी तिचं ताट वाढलं, तिला हाताला धरून बसवलं.

"तुम्ही जेवलात का मावशी?"

"मी पहिल्या पंगतीला जेवले. तू जेव."

ती चार घास जेवली. मी पिठाच्या डब्यावर चढले आणि कागदाचा कोपरा नखानं सोडवायला लागले. नितीननं चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती, पक्की.

"अहो, राहू द्या ना तो!" पूनम ताटावरून उठली. "आत्या रोज त्याच्याशी बोलायच्या. भात जास्त वाढला की म्हणायच्या, हळू वाढ, तुझी मावशी बघतीया. त्यांची आठवण आहे ती. काढू नका."

मी खाली उतरले.

ती म्हणाली, "माहेरी कन्हेरीला माझ्या आईलाही साखर निघालीय मावशी, मागच्याच महिन्यात. मी याचा फोटो काढून ठेवलाय. पाठवू का तिला?"

"नको!" माझा आवाज इतका चढला की ती दचकली. "नको, थांब. मी नवीन केलीय. ती देते." पिशवीतून नवी यादी काढली. गोळीनंतर अर्ध्या तासात खाणे. उपासाआधी डॉक्टरांना विचारणे. थरथर, घाम, धडधड झाल्यास लगेच साखर किंवा गूळ, मग जेवण. बरळणे किंवा झोप आल्यास एकटे सोडू नये. शुद्ध नसल्यास तोंडात काही घालू नये, दवाखाना. आणि सगळ्यात वर, घरातल्या सगळ्यांनी वाचावे. तिनं माझ्यासमोर जुना फोटो पुसला आणि नव्याचा पाठवला. एवढं मी बघून घेतलं.

मग ती नवी यादी वाचत राहिली. बोट थरथरीच्या ओळीवर थांबलं. भिंतीकडे बघितलं, परत हातातल्या कागदाकडे. मला वाटलं, आता कळलं हिला. माझी तयारी होती. खरंच होती.

ती म्हणाली, "मी सगळं त्या यादीप्रमाणंच केलं मावशी. एक दिवस चुकू दिला नाही. कुठं चुकलं तेच कळत नाही मला."

बाहेरून दादानं हाक मारली, गाडी निघतेय म्हणून. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं काही चुकलं नाही," म्हणाले, आणि पिशवी उचलली. तुझं काही चुकलं नाही. हे तर तिला कुणीही सांगेल. परसातली ती 'ल्हान हाय' म्हणणारी बाईही सांगेल. मी सांगायचं होतं ते याच्या पुढचं वाक्य, आणि ते फक्त मलाच सांगता येतं. वन्संसमोर, नितीनसमोर, दाजींसमोर.

तू असतीस तर मला वाचवलं असतंस, हे मला ठाऊक आहे. "गप गं, हिनं माझ्या भल्यापायीच लिव्हलं," म्हणून विषय मिटवला असतास. चिपाडावरचा पहिला घास मला आणि उरलेलं तुला, ही तुझी रीत. म्हणूनच तुझ्याकडून माफी मागायला मला भीती वाटते. तू ती देऊन टाकशील, आणि पूनम तशीच राहील.

बारामतीला परत आलेय, रात्री हे लिहितेय. हे काम मी डायरीत लिहिलेलं नाही. पहिल्यांदाच. चौकोन काढला की तो पुढच्या पानावर जातो, हे आता मला कळलंय. हा कागद दुसऱ्या कुणी वाचण्याआधी पूनमला माझ्या तोंडून कळायला हवं, एवढं नक्की आहे. परत बावड्याला जायचं, वन्सं तिथं असतील तोवरच जायचं, सगळ्यांना एकत्र बसवायचं, वहीतलं ते वाक्य माझ्या अक्षरात दाखवायचं आणि मग डब्यावर चढून कागद काढायचा.

सहा कागद माझ्या पिशवीत आहेत. सातवा अजून तुझ्या भिंतीवर आहे, आणि त्याच्याखाली ती मुलगी शेवटची जेवतेय.